पेटी वेगळी, की पडद्यातच सगळं?

२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलने पहिला मॅकिंटॉश बाजारात आणला. नऊ इंची पडदा, फ्लॉपीचा खण आणि सगळी सर्किटं एकाच उभट खोक्यात बसवलेली. वजन साडेसात किलो, आणि उचलायला वरच्या बाजूला खोबण. टेबलावर ठेवा, प्लग लावा, कामाला लागा, अशी कल्पना. खोक्यात पंखा नव्हता, कारण स्टीव्ह जॉब्स यांना त्याची घरघर नको होती. रॅम १२८ किलोबाइट, तीही बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली. जादा कार्ड बसवायला एकही स्लॉट नाही. ही रॅम लवकरच अपुरी पडू लागली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ५१२ किलोबाइटचा मॅकिंटॉश आला. आधीचं यंत्र घेतलेल्यांना रॅमची पट्टी बदलून भागवता येत नव्हतं. कंपनीच्या मार्गाने जायचं तर मुख्य बोर्डच बदलावा लागे.

आटोपशीर संगणकाचे फायदे आणि अडचणी दोन्ही त्या खोक्यात होत्या. त्यानंतर चाळीस वर्षांत पडदे सपाट झाले, फ्लॉपी गेली, चिपा हजारो पटींनी वेगवान झाल्या. तरी दुकानात देखणा ऑल-इन-वन पाहताना विचारायचे प्रश्न तेच आहेत: आतली उष्णता कुठून बाहेर जाणार, आतलं काय बदलता येणार, आणि एक भाग गेला तर बाकीच्यांचं काय होणार?

या प्रकरणात आपण विचार करतो आहोत तो घरचं लिखाण, मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, वकिलाचं किंवा डॉक्टरांचं कार्यालय, ग्रंथालयाची नोंदणी अशा कामांच्या संगणकाचा. ज्यांना जड ग्राफिक्स कार्ड घालून गेम खेळायचे आहेत किंवा त्रिमितीय चित्रण करायचं आहे, त्यांना मोठी कॅबिनेटच बरी.

तीन घराणी

पहिलं घराणं ऑल-इन-वनचं. संगणक पडद्याच्या पाठीतच असतो. बाहेर राहतात ते कीबोर्ड, माउस आणि एक वायर. १९९८च्या ऑगस्टमध्ये आलेल्या निळ्या, अर्धपारदर्शक आयमॅकने हे घराणं पुन्हा लोकप्रिय केलं. त्यात पंधरा इंची काचेची पिक्चर ट्यूब होती, त्यामुळे यंत्र चांगलंच पोटाळ होतं. २००४च्या आयमॅकपासून बोर्ड सपाट पडद्याच्या मागे गेला आणि आज एचपी, लेनोवो, डेल, आसुस यांचे जे ऑल-इन-वन दुकानात उभे असतात, ते साधारण त्याच बांधणीचे आहेत.

दुसरं घराणं मिनी पीसीचं. २००५च्या जानेवारीत ॲपलने ४९९ डॉलरला मॅक मिनी काढला. साडेसोळा सेंटिमीटर चौरस, पाच सेंटिमीटर उंच, सोबत ना पडदा, ना कीबोर्ड, ना माउस. ते घरचे वापरा, असं कंपनीचं म्हणणं. पुढे इंटेलने चार इंच चौरस बोर्डावर उभारलेली एनयूसी ही मालिका काढली आणि तळहाताएवढ्या संगणकांची बाजारपेठच तयार झाली. २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतलं. आता ती मालिका आसुस चालवतं.

तिसरं घराणं जाहिरातीत फारसं दिसत नाही, पण बँकांच्या आणि कंपन्यांच्या टेबलांवर तेच जास्त आढळतं. लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी ही त्याची उदाहरणं. यांना एक लिटरचे संगणक म्हणतात आणि ते नाव अक्षरशः खरं आहे. टायनीची मापं साधारण १७.९ × १८.२ × ३.४५ सेंटिमीटर. गुणाकार केला की सव्वा अकराशे घन सेंटिमीटर, म्हणजे १.१ लिटर. सर्वसाधारण मध्यम टॉवर कॅबिनेट ४० लिटरच्या आसपास भरते. २०२४चा मॅक मिनी तर १२.७ × १२.७ × ५ सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम ०.८ लिटर, आणि वीजपुरवठ्याचा भागही त्याच्या पोटातच.

४० लिटरचं काम एका लिटरात बसवायचं तर काहीतरी सोडावं लागतं. काय सोडलं ते ओळखता आलं की निवड निम्मी झाली.

नाव तेच, चिप वेगळी

सगळ्यात आधी सोडली जाते ती विजेची भूक. प्रोसेसर जितके वॅट खातो, तितकीच उष्णता बाहेर टाकावी लागते. बारीक पोटात मोठा पंखा मावत नाही, म्हणून कंपन्या तिथे कमी वॅटची चिप बसवतात. यात गैर काहीच नाही. घोळ होतो तो नावामुळे.

इंटेलच्या बाराव्या पिढीतले तीन प्रोसेसर घ्या. १२४००, १२४००टी आणि १२३५यू. तिन्हींवर 'कोअर आय-५, बारावी पिढी' असंच लिहिलेलं असतं. पहिला पूर्ण आकाराच्या डेस्कटॉपचा: सहा दमदार कोअर, मूळ क्षमता ६५ वॅट. दुसरा तेच सहा कोअर ३५ वॅटमध्ये बसवणारा. एक लिटरच्या पेट्यांत असलेच 'टी' वाले असतात. तिसरा लॅपटॉपचा: १५ वॅट, दोन दमदार आणि आठ काटकसरी कोअर. बरेचसे ऑल-इन-वन या तिसऱ्या जातीच्या चिपवर चालतात. दुकानातला माणूस 'याला दहा कोअर आहेत, त्याला सहाच' असं सांगतो. तो खोटं बोलत नसतो. पण त्या दहांतले आठ हलक्या कामाचे असतात. म्हणून 'आय-५ आहे ना?' हा प्रश्न अपुरा आहे. आकड्यामागचं अक्षर विचारा. अक्षर नसेल तर पूर्ण डेस्कटॉप चिप, 'टी' असेल तर आटोपशीर डेस्कटॉप, 'यू' असेल तर लॅपटॉप. नव्या 'कोअर अल्ट्रा' नावांमागेही ही अक्षरं पाहावी लागतात.

लॅपटॉपची चिप वाईट असते असा याचा अर्थ नाही. टायपिंग, ब्राउझर, मीटिंग, टॅली या कामांना ती भरपूर होते. फक्त ती डेस्कटॉपच्या भावात घेऊ नये. सगळ्यात स्वस्त मिनी पीसींत इंटेलची एन १०० ही चार कोअरची, सहा वॅटची चिप सापडते. एका माणसाचं लिखाण-वाचन, दुकानाचं बिलिंग किंवा वाचनालयातला शोधाचा संगणक यांना ती पुरते. मात्र एका वेळी तीस टॅब उघडे ठेवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

उष्णतेचा दुसरा भाग आपल्या हातात असतो. बारीक पंख्याला वारा खेचायला वाट लागते. आपल्याकडे संगणकावर कापडी कव्हर घालायची जुनी सवय आहे. पूर्ण बंद केलेल्या यंत्रावर ते घातलं तर धूळ अडते. पण नुसत्या झोपवलेल्या, म्हणजे स्लीपवर ठेवलेल्या यंत्रावर घातलं तर आतली गरम हवा आतच फिरते. मिनी पीसी टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ढकलणं हाही तसलाच प्रकार. २०२४चा मॅक मिनी हवेची देवाणघेवाण बुडातूनच करतो, म्हणून त्याच्याखाली जाड टेबलक्लॉथ नको. आणि वर्षातून एकदा, कोकणात किंवा रस्त्यालगतच्या दुकानात दोनदा, पंख्यातली धूळ काढावी. बारीक पंखा धुळीने अडला की आधी तो किणकिणायला लागतो, मग संगणक मंदावतो, आणि आपण समजतो, यंत्र जुनं झालं.

वेगवेगळी आयुष्यं, एकच मोट

संगणकातले सगळे भाग एकाच वेगाने जुने होत नाहीत. चांगला पडदा दहा वर्षं सहज जातो. प्रोसेसर बिघडत नाही, पण पाच-सात वर्षांत नव्या सॉफ्टवेअरपुढे मागे पडतो. रॅम त्याआधीच अपुरी वाटू लागते. डिस्क भरते किंवा मरते. अडॅप्टर आणि पंखा हे सगळ्यात कच्चे दुवे. आटोपशीर संगणक निवडणं म्हणजे यातलं कोणाला कोणाशी बांधायचं ते ठरवणं.

ऑल-इन-वनमध्ये सगळ्यात दीर्घायुषी भाग अल्पायुषी भागांशी बांधला जातो. याचं ठळक उदाहरण म्हणजे २०१४च्या ऑक्टोबरमध्ये आलेला २७ इंची आयमॅक. त्याचा पडदा ५,१२० × २,८८० बिंदूंचा, म्हणजे इंचाला जवळजवळ २१८ बिंदू. असा पडदा आजही महाग आहे. २०२२ मध्ये ॲपलने २७ इंची आयमॅक बंद केला आणि तितक्याच बिंदूंचा नुसता मॉनिटर भारतात १,५९,९०० रुपयांना काढला. त्या जुन्या आयमॅकचा प्रोसेसर आज थकलेला आहे, नवी कार्यप्रणाली त्यावर अधिकृतपणे चढत नाही, पण पडदा ठणठणीत आहे. मग दुसरा संगणक जोडून तो नुसता पडदा म्हणून का वापरू नये? कारण त्याला बाहेरचं चित्र आत घेणारं पोर्टच नाही. २००९च्या अखेरीपासून २०१४च्या मध्यापर्यंतच्या काही आयमॅकमध्ये ती सोय होती. या मॉडेलपासून गेली. आता तो पडदा वाचवायचा तर कडेची चिकटपट्टी कापून काच सोडवायची, आतला बोर्ड काढायचा आणि बाहेरून मागवलेला नियंत्रक बोर्ड बसवायचा. हौशी लोक हे करतातही. पण ते हौशीचं काम झालं.

म्हणून ऑल-इन-वन घेताना मागे वाकून एक गोष्ट पाहावी: एचडीएमआय पोर्टशेजारी 'इन' लिहिलंय की 'आउट'? 'आउट' म्हणजे या संगणकाचं चित्र दुसऱ्या पडद्यावर जाईल. 'इन' म्हणजे उद्या आतला संगणक मेला तरी हा पडदा मॉनिटर म्हणून जगेल. काही मॉडेलांत 'इन' असतं, बऱ्याच मॉडेलांत नसतं. किमतीत थोडा फरक असेल तरी 'इन' असलेलंच घ्यावं.

याउलट एक लिटरची पेटी उघडून पाहण्यासारखी असते. मागे एक स्क्रू, डेलच्या मायक्रोत तर तो बोटांनीच फिरतो. झाकण सरकवलं की समोर पंखा, अडीच इंची डिस्कचा पिंजरा, रॅमचे दोन स्लॉट आणि च्युइंग गमच्या पट्टीएवढी एसएसडी बसवायची जागा. आठ जीबी रॅमचे सोळा करायला पाच मिनिटं लागतात, आणि लॅपटॉपचीच रॅम चालत असल्याने ती मिळतेही सहज. मिनी पीसीत मात्र दोन्ही प्रकार आढळतात: काहींत रॅमचे स्लॉट, काहींत रॅम बोर्डावर पक्की. तपशिलाच्या कागदावर 'एलपीडीडीआर' लिहिलेलं असेल तर ती जवळजवळ नेहमीच पक्की समजायची. 'सो-डिम' लिहिलेलं असेल तर ती बदलता येते. पक्की असेल तर आज लागते त्याच्या दुप्पट घ्यावी, कारण नंतर पश्चात्तापाशिवाय हातात काही नाही. आज साध्या वापरालाही १६ जीबी धरून चालावं.

डिस्कबाबत एकच सांगणं: फिरती हार्ड डिस्क असलेला ऑल-इन-वन कितीही स्वस्त मिळाला तरी तसाच वापरू नका. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला शे-सव्वाशे मेगाबाइट वाचते. साधी साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते, एनव्हीएमई तीन हजारांच्याही पुढे. जुन्या यंत्रात नुसती एसएसडी टाकली तरी ते टवटवीत होतं. प्रश्न फक्त ती टाकायला झाकण किती सहज उघडतं, हा.

मराठी वाचायला कोणता पडदा?

ऑल-इन-वनमध्ये पडदा निवडायचं स्वातंत्र्य नसतं. जो येतो तो घ्यायचा. म्हणून तो नीट पाहून घ्यावा. २७ इंची म्हटलं की माणूस हुरळतो. पण २७ इंचांवर १,९२० × १,०८० इतकेच बिंदू असतील तर इंचाला ८२ बिंदूच पडतात. तेवढेच बिंदू २४ इंचांवर इंचाला ९२ होतात, साडेएकवीस इंचांवर १०२. रोमन अक्षरांना हा फरक निभावून नेता येतो. देवनागरीला तो जाणवतो, कारण आपला अर्धा मजकूर शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी असतो.

दुकानात पडदा तपासायचा सोपा उपाय आहे. कोणतंही मराठी वृत्तपत्राचं संकेतस्थळ उघडा किंवा वर्डमध्ये बारा पॉइंटात 'वर्षं', 'धर्मांध', 'बुद्धी', 'ब्रह्म' टाइप करा. 'वर्षं'मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर येतात. भरड पडद्यावर त्या दोघांचा एकच डाग होतो. ऱ्हस्व-दीर्घ उकार ओळखायला पुढे झुकावं लागत असेल तर तो पडदा दिवसाचे आठ तास वाचणाऱ्या माणसाचा नाही. मुद्रितशोधक, डीटीपी करणारे, वकिलाच्या कार्यालयातले टंकलेखक यांनी ही चाचणी चुकवूच नये. २७ इंची पडदा हवाच असेल तर तो फोर-के घ्यावा. त्यात इंचाला १६३ बिंदू मिळतात.

दुसरी तपासणी उंचीची. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली यावी. स्वस्त ऑल-इन-वनचा स्टँड नुसता पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही, आणि मग त्याच्याखाली जुने दिवाळी अंक रचले जातात. मॉनिटर वेगळा घेतला तर उंची बदलणारा स्टँड निवडता येतो.

मिनी पीसी पडद्याच्या पाठीवर अडकवता येतो, हे विक्रेते आवर्जून सांगतात. मॉनिटरच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार भोकं असतात. त्यांना व्हेसा माउंट म्हणतात. पण काही मॉनिटरांचा स्वतःचा स्टँड त्याच चार भोकांत बसतो. मग स्टँड लावला की पेटीला जागा नाही, आणि पेटी लावली की पडद्याला पाय नाहीत. मॉनिटर आणि मिनी वेगवेगळ्या दुकानांतून घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

पोर्ट मोजून जा

घरात चार वायरी असतात, सेवा केंद्रात दहा. आपले सरकार सेवा केंद्राचं टेबल डोळ्यांपुढे आणा: कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारं उपकरण, वेबकॅम, आणि अर्जदाराने कागदपत्रं भरून आणलेला पेन ड्राइव्ह. सात यूएसबी झाले. सीएच्या कार्यालयात वेबकॅमऐवजी डिजिटल सहीचा टोकन, तोही अशिलागणिक वेगळा, म्हणजे तो समोरच्या बाजूला लावता यायला हवा. डीटीपीवाल्यांकडे जुन्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक असतं, ते कायम खोचलेलंच राहतं.

आता समोरच्या यंत्राची पोर्ट मोजा. एक लिटरच्या पेट्यांत पाच-सहा यूएसबी असतात, त्यांतली एक-दोन पुढच्या बाजूला. सडपातळ ऑल-इन-वनमध्ये बहुतेक सगळी पोर्ट पाठीमागे, आणि टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर दर वेळी यंत्र फिरवावं लागतं. २०२४च्या मॅक मिनीला यूएसबी-सीच्या आकाराची पाच पोर्ट आहेत, पण जुन्या चौकोनी तोंडाचं एकही नाही. तिथे हब लागणारच. हबवर प्रिंटर आणि माउस खुशाल लावावेत. सहीचा टोकन आणि ठसे घेणारं उपकरण मात्र शक्यतो थेट यंत्राला लावावं.

वीज गेल्यावर

आटोपशीर संगणकाचा सगळ्यात कमी बोलला जाणारा फायदा विजेचा आहे. मिनी पीसी साध्या कामात सरासरी १५ वॅट घेतो आणि जुना टॉवर ६०, असं धरू. रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे २,४०० तास. मिनीचे ३६ युनिट, टॉवरचे १४४. दहा रुपये युनिट धरला तर वर्षाला हजारएक रुपयांचा फरक. एका यंत्रामागे ही रक्कम फार नाही, पण शाळेच्या प्रयोगशाळेत वीस यंत्रं असतील तर ती डोळ्यांत भरते.

खरा फायदा यूपीएसवर दिसतो. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. त्यातलं बरंचसं रूपांतरात आणि बॅटरीच्या मर्यादेत जातं. टॉवर आणि मॉनिटर मिळून दीडशे वॅट घेत असतील तर फाइल जतन करून यंत्र बंद करायला वेळ मिळतो, इतकंच. मिनी आणि मॉनिटर मिळून ४०-५० वॅट घेत असतील तर बॅटरी नवी असताना अर्धा-पाऊण तास काम चालू राहतं. तालुक्याच्या गावी दुपारची वीज जाते तिथे हा फरक मोलाचा आहे.

याची दुसरी बाजू म्हणजे अडॅप्टर. मॅक मिनी सोडला तर बहुतेक लहान यंत्रांचा वीजपुरवठा बाहेरच्या काळ्या ठोकळ्यातून होतो. आयमॅकसुद्धा २०२१ मध्ये साडेअकरा मिलिमीटर जाडीचा झाला तो हा ठोकळा बाहेर काढूनच. त्या यंत्रात हेडफोनची पिन पाठीतून खुपसण्याइतकीही जाडी उरली नाही, म्हणून ते भोक डाव्या कडेला आलं. अडॅप्टर बाहेर असणं एका परीने चांगलंच: जळला तर बदलता येतो. मात्र तो कोणताही चालत नाही. व्होल्ट जुळले तरी डेलच्या यंत्रांत मधली बारीक पिन अडॅप्टरची ओळख पटवते. ओळख पटली नाही की सुरू होतानाच इशारा झळकतो. जुनं यंत्र घेताना मूळ अडॅप्टर सोबत मागून घ्या.

वापरलेलं, पण चांगलं

कंपन्यांनी भाडेकरारावर घेतलेली एक लिटरची यंत्रं तीन-चार वर्षांनी परत येतात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड इथे रिफर्बिश्ड म्हणून विकली जातात. घरगुती वापराला यांच्याइतकी किफायतशीर वस्तू क्वचितच सापडेल. कार्यालयात ती वातानुकूलित खोलीत राहिलेली असतात आणि बांधणी मुळातच दणकट असते.

इथे पिढी महत्त्वाची. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं स्वस्तात निघू लागली, आणि अनेकांच्या गळ्यात ती विंडोज ११ची म्हणूनच पडतात. आय-५ ६५००टी म्हणजे सहावी पिढी, ८५००टी म्हणजे आठवी, ९५००टी म्हणजे नववी. सहावी घ्यायची तर लिनक्स टाकायच्या तयारीने घ्या. लिनक्सवर युनिकोड मराठी, ब्राउझर आणि लिबरऑफिस व्यवस्थित चालतात. टॅली आणि सहीचे टोकन यांना मात्र विंडोजच बरं.

दुकानातच चार गोष्टी तपासा. यंत्र सुरू करून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर तो काढून द्यायला सांगा. तारीख-वेळ बघा, ती काही वर्षं मागची दाखवत असेल तर आतला सीआर २०३२ हा बटण सेल संपलाय. सेल किरकोळ किमतीचा, पण तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळं उघडताना असुरक्षिततेचे इशारे येत राहतात. एसएसडीची प्रकृती दाखवणारा प्रोग्राम चालवून टक्केवारी पाहा. आणि दहा मिनिटं व्हिडिओ लावून पंख्याचा आवाज ऐका.

मॅक मिनीचं गणित

२०२४ मध्ये एम-४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून आला आणि त्याच चिपघराण्याचा २४ इंची आयमॅक १,३४,९०० पासून. दोघांतही १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. उलट या सुरुवातीच्या किमतीच्या आयमॅकमध्ये दहाऐवजी आठच कोअर. म्हणजे ७५,००० रुपये पडदा, कॅमेरा, स्पीकर, कीबोर्ड आणि माउस यांचे झाले. आयमॅकचा पडदा उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण त्या पैशांत चांगला फोर-के मॉनिटर आणि बाकी सगळं येऊन पैसे उरतात, आणि सहा-सात वर्षांनी मिनी बदलला तरी मॉनिटर जागेवरच राहतो.

मात्र मॅककडे वळण्याआधी कामाची यादी करा. टॅली विंडोजचं आहे. इंटेलच्या काळातले मॅक डिस्कच्या दुसऱ्या विभागात विंडोज चालवू शकत. ॲपलच्या स्वतःच्या चिपा आल्यापासून ती सोय गेली. ज्यांचं पोट टॅलीवर आणि सहीच्या टोकनांवर चालतं त्यांनी मॅकचा मोह टाळावा. लेखक, संगीतकार, शिक्षक, प्रोग्रामर यांना तो शांत आणि दीर्घकाळ साथ देणारा ठरतो.

मग कोणी काय घ्यावं?

हे सगळं वाचून ऑल-इन-वन कोणी घेऊच नये असं वाटेल, पण तसं नाही. दवाखान्याच्या स्वागतकक्षात, हॉटेलच्या काउंटरवर, वयस्कर आईवडिलांच्या खोलीत त्याला तोड नाही. एक वायर, एक बटण, कॅमेरा आणि स्पीकर आधीच बसवलेले, आणि बिघाड झाला तर मॉनिटरवाला संगणकवाल्याकडे बोट दाखवणार नाही, कारण कंपनी एकच. फक्त वॉरंटी 'ऑन-साइट' घ्या, 'कॅरी-इन' नव्हे. जिल्ह्याच्या गावाहून पुण्याला किंवा नागपूरला मिनी पीसी पिशवीतून जातो. २७ इंची काच मूळ खोक्यासकट न्यावी लागते. म्हणून ते खोकं टाकू नका.

दुकान, सेवा केंद्र, सीएचं कार्यालय आणि शाळा यांनी एक लिटरची पेटी आणि वेगळा मॉनिटर घ्यावा. पैसे असतील तर नवी, नसतील तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीची वापरलेली. घरात एकाचंच हलकं काम असेल तर कमी वॅटचा मिनी पुरतो. तो ऑनलाइन मागवताना भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आणि दुरुस्ती देशात कुठे होते ते मात्र पाहा. घरातले तिघे-चौघे एकाच संगणकावर बसणार असतील तर १६ जीबी रॅम आणि उंची बदलणारा पडदा यांवर खर्च करा. प्रोसेसर एक पायरी खाली आला तरी चालेल.

आणि पैसे भागत नसतील तर बांधलेल्या वस्तूवर आधी खर्च करावा, सुट्यावर नंतर. ऑल-इन-वनमध्ये पडदा आणि पक्की रॅम पहिल्या दिवशीच मनासारखी घ्यावी लागते, कारण ती पुढे बदलत नाही. पेटी वेगळी असेल तर आज आठ जीबी आणि घरातला जुना मॉनिटर घेऊन सुरुवात करता येते, आणि बाकीचं दोन वर्षांनी, हातात पैसे आल्यावर, एकेक करून जोडता येतं.